कवठे महांकाळचा सागरी संडास

तमाम सातारा-सांगलीकरांना कळवण्यास अत्यंत अभिमान वाटतो, की कवठे महांकाळ तालुक्यातल्या पहिल्या, आणि बहुधा शेवटच्या, सागरी संडासाचं उद्घाटन आप्पांच्या शेततळ्यात सकाळी दहा वाजता नारळ फोडून यथासांग पार पडलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी संडासाचं भांडं काठोकाठ भरून वाहत होतं. बोटीच्या केबिनमध्ये पाणी पसरलं होतं. बोटीचे मालक मेजर गुडघ्यांवर बसून हातपंप हाणत होते. आणि मी, तीस वर्षं दोन जिल्ह्यांत संडास-बाथरूम बसवणारा प्लंबर, हातात पाना धरून विचार करत होतो, की पळून जायला शेततळ्याची कुठली बाजू सोयीची पडेल.

"मिस्त्री, जेवढं हाणतोय तेवढं वर येतंय," मेजर म्हणाले.

"मग हाणू नका."

"न्हाई हाणलं तर जाणार कसं?"

मी चेहरा गंभीर केला आणि पाईपवर पान्यानं दोनदा टकटक केलं. आमच्या धंद्यात याला तपासणी म्हणतात.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो.

मेजर हे मेजर नव्हेत. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. नदीवर पूल टाकणाऱ्या पलटणीत होते, बोटी हाकायचे. तिथंच कुठंतरी त्यांनी शिडाची बोट पाहिली आणि ती डोक्यातून उतरेना. गावी आल्यावर थोरल्या भावाची, म्हणजे आप्पांची, बेदाण्याची शेड त्यांच्या नजरेत भरली. सीझन संपला की ती रिकामीच असते. तिथं मेजरनी प्लायवूड आणि फायबरची बावीस फुटी बोट बांधायला घेतली. बेदाण्याचा सीझन आला की बोट बाहेर ताडपत्रीखाली, सीझन संपला की परत आत. अशी सहा वर्षं.

टँकरची वाट बघत ज्या तालुक्यात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या तिथं शिडाची बोट. आप्पा आल्यागेल्याला शेड दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्यात प्यायला पानी नव्हतं तवा ह्यो तिकडं बोटी हाकत हुता. आता कुठं पानी आलंय, तर त्यात ह्यो बोट घालतोय."

मेजर ऐकून घ्यायचे आणि फायबर घासत राहायचे.

बोट जायची होती कोयना धरणाच्या फुगवट्यात. परवानगीचे कागद मेजरनी फौजी चिकाटीनं मिळवले होते. बेत असा, की नवरा-बायकोनं दोन-दोन, तीन-तीन दिवस पाण्यावरच राहायचं. बोट बांधून होत आली तेव्हा बायकोनं, म्हणजे शालनवहिनींनी, अट घातली. मी मापं घ्यायला गेलो त्या दिवशी ती मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाली.

"नोकरीभर ह्यांच्या मागनं फिरले. तीन-तीन दिवसांचा रेल्वेचा परवास. डबा फौजेनं भरलेला, त्यात मी एकटी बाई. जायला लागू नये म्हनून पानी पीत नव्हते मी. आता म्हातारपनी बोटीत बसून परत तेच करू व्हय? संडास पायजे. त्याला दार पायजे. दाराला आतनं कडी पायजे. हात धुवायला बेसिन पायजे. न्हाईतर ह्यांनी एकट्यानं जावं."

मेजर मला फाटकापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "ती नसंल तर बोट पाण्यात घालायचीच न्हाई मिस्त्री. मी हितंच शेडमध्ये बोटीत बसतो."

म्हणजे सहा वर्षांची बोट एका संडासावर अडली होती. पाचगणीच्या एका शाळेत मी ओळीनं चाळीस संडास बसवलेत. एका संडासाचं काय एवढं, असं मनात म्हणत मी काम घेतलं.

मुंबईच्या एका बोटसामानवाल्या साहेबांकडून संडासाचं खोकं आलं होतं. उघडलं तर आत बाहुलीच्या लग्नात आंदण द्यावं एवढंसं भांडं, शेजारी एक हातपंप, आणि इंग्रजीत जाडजूड पुस्तक.

घरच्या संडासाचं शास्त्र सोपं असतं. पाणी वरच्या टाकीतून येतं आणि खाली उतरून जातं. उतार हा आमचा धर्म. दहा फुटांना अडीच इंच उतार दिला की प्लंबर रात्री शांत झोपतो. बोटीत मात्र सगळं उलटं. बोटीत बसलेला माणूस कमरेपर्यंत तळ्यातच असतो, मध्ये फक्त एक फळी असते. भांडं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली. उतार द्यायचा तर कुठं देणार? म्हणून हातपंप. तो एका नळीनं बाहेरचं पाणी भांड्यात ओढतो आणि दुसऱ्या नळीनं भांड्यातलं ढकलून देतो. या दोन्ही नळ्या आधी पाण्याच्या पातळीच्या वर चढवायच्या, वर कमान करायची, कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह लावायचा आणि मग खाली आणायच्या. हे केलं नाही तर काय होतं, ते आमच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कालव्यातून बांधावरून नळी टाकून एकदा तोंडानं ओढली की पाणी आपोआप येत राहतं. इथं कालव्याच्या जागी अख्खं धरण, आणि शेताच्या जागी बोट.

आयुष्यात पहिल्यांदा मी संडासाच्या पाईपला चढ दिला. खूण तीनदा पुसली. पण दिला.

धरणात काही सोडायचं नव्हतं. काठावरची गावं तेच पाणी पितात. म्हणून भांड्यातलं सगळं जाणार ते बाकाखालच्या चाळीस लिटरच्या टाकीत. टाकीतली हवा बाहेर पडायला बोटीच्या कुशीतून एक बारीक नळी काढली. टाकी भरली की काठावर आणून सेप्टिक टँकमध्ये रिकामी करायची. साहेबांनी फोनवर हिशेब सांगितला होता: एका वेळेला दोन लिटर, दोन माणसं, दोन दिवस, आरामात.

बेसिन मी आधी कडेला लावलं होतं, कारण कडेला जागा होती, आणि हात धुतलेलं पाणी बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर काढलं होतं. मेजरनी पंजा आडवा धरला आणि तिरका केला. "शिडाची बोट कलती, मिस्त्री. कलली की ह्या बेसिनचं भोक पाण्याखाली. तळं आत येणार हात धुवायला." मी बेसिन काढून बोटीच्या मधोमध लावलं आणि त्याचं पाणी खाली वेगळ्या कॅनमध्ये सोडलं. वहिनी शेडमध्ये येऊन वाकून बघून गेल्या.

"बेसिनची नळी आन् ती नळी कुठं भेटत्यात?"

"कुठंच नाही वहिनी."

"नगोच भेटायला."

मग आली चाचणी. आप्पांच्या द्राक्षबागेचं शेततळं भरलेलं होतं. हायड्रा क्रेननं बोट उचलून अलगद पाण्यात ठेवली. बोटीखालचं पातं वर ओढून ठेवलं होतं, तळ्याचं प्लास्टिक फाटू नये म्हणून. आप्पा पांढराशुभ्र सदरा घालून काठावर उभे, नजर प्लास्टिकवर. नारळ फुटला. आप्पांनी कपाळावर हात धरून सूर्य बघितला.

"संडास ईशान्येला आलाय."

मेजरनी दोर ओढून बोट फिरवली. "आता?"

"आता आग्नेयेला."

"बोट वाऱ्यावर फिरती आप्पा. दिवसभरात आठी दिशांना जाऊन येईल."

"म्हंजी आठी दिशा बाटवनार म्हन की."

एवढ्यात वहिनी फळीवरून बोटीत चढल्या. हातात घरून आणलेली भरलेली बादली. मी बघितली, मेजरनी बघितली. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नवा संडास असाच तपासतात. मी स्वतः आयुष्यभर असाच तपासून दिलाय. अख्खी बादली एका दमात ओतायची. घरच्या भांड्याच्या पोटात वाकडा रस्ता असतो, बादलीचा जोर मिळाला की तो सगळं ओढून नेतो. झालं समाधान, चहा घेऊन प्लंबर घरी.

बोटीच्या भांड्याला असला रस्ताच नसतो. खाली झडप, तीही बंद. पंप मारल्याशिवाय थेंब हलत नाही. चार-पाच लिटरच्या भांड्यात वहिनींनी पंधरा लिटरची बादली धबाक करून ओतली.

पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे. मेजर धावले आणि पंपाशी बसले. आता त्या पंपाला एक खटका असतो. एका बाजूला ठेवला की पंप नुसतं बाहेर टाकतो. दुसऱ्या बाजूला ठेवला की बाहेर टाकतो आणि तळ्यातलं नवं पाणी आतही घेतो. खटका दुसऱ्या बाजूला होता. मेजर एक लोटा घालवत होते आणि एक लोटा बोलावत होते. हे माझ्या लक्षात येईपर्यंत चाळीस लिटरची टाकी भरली. फौजी दंडाचा जोर टाकीत मावेना, तेव्हा तो हवेच्या बारीक नळीतून बाहेर निघाला. पिचकारी सुटावी तशी धार आली आणि काठावर आप्पांच्या सदऱ्यावर गळ्यापासून खिशापर्यंत बसली.

पाणी अगदी स्वच्छ होतं. संडास तोवर कुणी वापरलेलाच नव्हता. हे मी आप्पांना तीन वेळा समजावून सांगितलं. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

वहिनी रिकामी बादली घेऊन फळीवरून उतरल्या.

"आज मी नुसतं पानी वतलं ते भाऊजींच्या अंगावर गेलं. उद्या काय जाईल आन् कुनाच्या अंगावर? मी न्हाई यायची ह्यात."

त्या घराकडे चालायला लागल्या. मेजर पंप सोडून तिथंच ओल्या फळीवर बसले. मग म्हणाले, "हायड्रावाल्याला थांबवा. बोट शेडमध्ये घेऊ."

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मुंबईच्या साहेबांना फोन लावला.

"बादली?" साहेब म्हणाले. "बादली कोणी टाकली? मॅन्युअल वाचलं नाही का?"

"वाचलं. त्यात बादलीचं काही लिहिलेलं नाही."

"अहो, कारण कोणी टाकतच नाही. पेपर वापरायचा, चार स्ट्रोक मारायचे, संपलं. पाणी वापरलंत तर टाकी एका दिवसात भरेल. त्यांना पेपरची सवय लावा."

"सवय कुणी लावायची साहेब? तुम्ही येता का वहिनींशी बोलायला?"

"हे बघा, सिस्टीम अशीच आहे. जगात सगळीकडे बोटीवर लोक अशीच वापरतात."

"वापरू द्या. इथली बाई धुतल्याशिवाय उठणार नाही. सिस्टीम बदलते का बघतो."

"त्यात काही बदल केलात तर वॉरंटी विसरा."

"विसरलो," म्हणालो आणि फोन ठेवला. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं. साहेबांचा हिशेब चुकीचा, हे तर कळलं. मग बरोबर हिशेब कुठला? आम्ही नळीचा व्यास मोजला होता, टाकी मोजली होती, बोट किती कलते ते मोजलं होतं. जिच्यासाठी सगळं चाललं होतं तिला पाणी किती लागतं हे एकानंही विचारलं नव्हतं. मी मेजरना विचारलं.

"तुम्हाला माहीत असेल की. संसार केलाय."

मेजरचे कान लाल झाले. "असलं कोण इचारतं का बायकोला?"

"मी विचारतो."

"मिस्त्री, जपून."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. वहिनी आत भाकरी थापत होत्या. आप्पा सदरा बदलून सोप्यात बसले होते.

"वहिनी, कामाचं विचारतो, राग मानू नका. जाऊन येईपर्यंत पाणी किती लागतं तुम्हाला?"

थापण्याचा आवाज थांबला. आप्पा खोकत खोकत अंगणात निघून गेले. मेजर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. महिना मागचा होता, तरी मन लावून वाचत होते.

वहिनींनी हाताचं पीठ झाडलं आणि हिशेब दिला. गिरणीत दळण मोजून द्यावं तसा, स्वच्छ.

"आदी एक तांब्या, भांडं भिजवायला. मागनं दोन, धुवायला. मग बादली."

"बादली कशाला?"

"गेलं का न्हाई ते बगायला."

"टँकरच्या दिवसांत कसं करत होता?"

"एका लोट्यात भागवत हुतो. घरात सात मानसं, सगळी एका एका लोट्यात. पन ते तवाचं, मिस्त्री. आता परत मला कुनी लोटा मोजून द्यायचा न्हाई. नवऱ्यानं बी न्हाई आन् बोटीनं बी न्हाई."

हे वाक्य मी डोक्यात घेऊन बाहेर आलो. म्हणजे पाणी कमी लागलं पाहिजे, पण कमी दिलं असं वाटता कामा नये. आणि बादली धुण्यासाठी नव्हतीच. ती खात्रीसाठी होती. अख्खं पंधरा लिटर पाणी नुसत्या खात्रीवर खर्च होत होतं.

अंगणात आप्पा रागारागानं फवारणीचा पंप साफ करत होते. पाठीवरचा, बॅटरीवर चालणारा. स्वच्छ पाणी भरून त्यांनी नोझल फिरवलं आणि पायरीवर धार मारली. काडीएवढी बारीक धार, पण पायरीचा वाळलेला चिखल सालपटासारखा निघाला. खाली ओल पडली ती ओंजळभर.

"आप्पा, हे नोझल किती पाणी घेतं?"

"द्राक्षवाल्याचं नोझल हाय ते. थेंब मोजून घेतंय. का?"

मी पंप हातात घेऊन कारण सांगितलं. आप्पांनी पंप माझ्या हातून काढून घेतला.

"ह्या पंपाला हात लावायचा न्हाई. औषधाचा हाय, जाळ हुईल बाईला. नवा घेऊन ये. आन् धार गोल करायची असंल तर पितळी नोझल घे, प्लास्टिकचं नगो. दोन दिसांत चोंदतंय."

अंग ओलं करून घेतलेल्या माणसानं एवढं सांगणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मी सांगलीहून नवा पंप आणला. तो बारा व्होल्टवर चालतो. बोटीची बॅटरीही बारा व्होल्टचीच. पंप स्वच्छ पाण्याच्या कॅनला जोडला, भांड्याच्या उजव्या हाताला पितळी नोझल बसवलं, बटण दाबलं की धार. आधी भांडं भिजवायला तेच, मागून धुवायलाही तेच. तीन तांब्यांचं काम अर्ध्या लिटरच्या आत व्हायला लागलं, आणि जोर असा, की कमी दिलं म्हणायची कुणाची छाती नाही.

राहिली खात्री. त्यासाठी टाकीकडे जाणाऱ्या नळीचा हातभर तुकडा कापला आणि तिथं पारदर्शक नळी घातली. पुढं छोटं लाकडी झाकण. झाकण उघडायचं, पंप मारायचा, नळीत स्वच्छ पाणी दिसलं की थांबायचं. पंपाच्या खटक्याला स्प्रिंग लावली, म्हणजे सोडला की तो आपोआप बाहेर टाकण्याच्या बाजूला येतो. हवेची नळी फिरवून वर, डेकच्या काठापर्यंत नेली. ही शेवटची सुधारणा आप्पांच्या खास आग्रहावरून.

शेडमध्ये मोजून पाहिलं. सगळं मिळून दोन लिटर. पेपर न वापरता साहेबांचाच आकडा आला. मी त्यांना तसा मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही.

वहिनींनी झाकण उघडलं, नळीत बघितलं, झाकण लावलं. "दाराची कडी ढिली हाय," एवढंच म्हणाल्या. कडी मी घट्ट केली.

महिनाभरानं बोट ट्रकवरून साताऱ्यामार्गे बामणोलीच्या बाजूला, कोयनेच्या काठावर आली. बोटीत आम्ही चौघं. मेजर सुकाणूला. आप्पा लाईफ जॅकेटमध्ये, दोन्ही हातांनी दोर धरून, डोळे पाण्यावर नाहीत तर आभाळावर. वारा चांगला होता. शीड भरलं, बोट एका कुशीला कलली आणि पळायला लागली. मेजरच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी फक्त नोकरी लागलेल्या पोरांच्या तोंडावर पाहिलंय.

तासाभरानं वहिनी उठल्या. आत गेल्या. दार लागलं. कडी बसल्याचा आवाज आला.

आम्ही तिघंही एकदम समोरच्या डोंगराकडे बघायला लागलो. तीन पुरुषांनी एक डोंगर इतक्या बारकाईनं कधी बघितला नसेल. आतून धारेचा आवाज आला. थांबला. परत आला. मग पंप. एक, दोन, तीन, चार. मेजर ओठ न हलवता मोजत होते. थोडं थांबून पुन्हा चार. झाकण उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. बोट कललेलीच होती. माझी नजर आपोआप आप्पांच्या सदऱ्याकडे गेली. कोरडा होता.

तीस वर्षांच्या धंद्यातून शिकण्यासारखं एवढंच, की पाईप कापण्याआधी वापरणाऱ्या माणसाला विचारावं. विचारायला लाज वाटत असेल तर प्लंबरनं सुतारकाम शिकावं.

कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसले. मेजरनी सुकाणू आणखी घट्ट धरलं. वहिनींनी शिडाकडे बघितलं, चारी बाजूंचे डोंगर बघितले, आणि नवऱ्याला एकदम म्हणाल्या,

"एवढं सगळं केलंय, तर मग ह्या डोंगरात काय गोल गोल फिरवताय? आवं, समुद्र कुनीकडं हाय?"